थेंब वर, झरा खाली

माझं नाव बुधा. बुधवारी जन्मलो म्हणून बुधा, आमच्यात असंच असतं, सोमवारचा सोमा, मंगळवारचा मंगळ्या, नावं शोधत बसायला टाइम कोणाला व्हता. जन्म शहापुराकडचा, खर्डीच्या वरच्या अंगाला आईचं माहेर, पण वाढलो इकडं मुरबाडात, बापाच्या वाडीत. धसईला एसटीतून उतरायचं आन डोंगराकडं तोंड करून चालत सुटायचं, रस्ता संपला की पायवाट, पायवाट संपली की आमची वाडी, तीसेक घरं, सगळी ठाकरांची, आन त्याच्या पुढं कडा. तुमी आज धापा टाकीत आलात ना ताई, तेवढी चढण आमची रोजची. लोक येतात, मला विचारतात की बुधा तू मशीनवाला, जंगलाचे नकाशे करतोस, सांग तुझी कथा. काय सांगू तुम्हाला, माझी कथा एवढीच की आमच्या वाडीचा झरा मेला आन तो माझ्या हातानं मेला. सुरुंग दुसऱ्यानं लावला, पण खूण माझी व्हती. आता लिवा.

शाळा सातवीपरेंत, आश्रमशाळेत. तिथं मन रमलं नाय. बाप मला रानात न्यायचा, आन रानात मी हुशार. कुठला ऐन, कुठला किंजळ, कुठल्या झाडाच्या ढोलीत मध, कुठल्या पावसानंतर कुठला कंद वर येतो, सगळं तोंडपाठ. बाप बोलायचा की वाघ दिसला तरी चालंल पण पाणी दिसलं पायजे, पाणी ज्याला दिसतं तो रानात मरत नाय. मग मोठा झालो, लगीन झालं, चांगुणा आली. तिचं माहेर पलीकडच्या घळीतल्या वाडीतलं. चांगुणा म्हणजे तोंडानं तिखट, कामाला वाघीण. भात, नागली, थोडी वरी, करवंदाच्या दिवसांत करवंदं धसईच्या बाजारात, नायतर वाशिंदला कुठं बिगारीचं काम. असं चाललेलं. वाईट नवतं, खोटं कशाला सांगू.

आता झरा कसा ते सांगतो, नायतर तुमाला पुढचं कळायचं नाय. वाडीच्या वर एक उघडा कातळ हाय, मोठा, म्हशीच्या पाठीसारखा. तिथून वाट खाली घळीत उतरते, साठ-सत्तर पावलं, दाट झाडी, आन तळाला एक उंबर. त्या उंबराच्या मुळात झरा. बारा महिने पाणी, वैशाखातबी हात बुडंल एवढं. बायका तिथं करवंटीनं पाणी उपसायच्या, हंडा भरायच्या, तिथंच धुणं, तिथंच आंघोळ. म्हणून बाप्यामाणसानं तिथं सरळ उतरायचं नाय. कातळावर थांबायचं आन हाक द्यायची, हाय का गो कोण पाण्यावर. खालनं आवाज आला की तिथंच बसायचं. बायका वर आल्या की मग जायचं. हे कोणी शिकवत नाय, आईच्या दुधातून येतं. माझा बाप म्हातारपणी ऐकायला कमी आला तरी हाक द्यायचा आन उत्तर ऐकू येत नाय म्हणून अर्धा तास बसून राहायचा, पण उतरला नाय. आन आमी झऱ्याला जातो असं बोललो की त्याचा अर्थ कातळावर जातो असाच. कुठं भेटशील, झऱ्यावर. म्हणजे कातळावर.

मंग एक संस्था आली. डोंगरातलं पाणी, झाडं, पाखरं, सगळ्याची नोंद करायची, नकाशा बनवायचा, म्हणजे उद्या कोणी डोंगर फोडायला आला तर त्याला दाखवायचं की बाबा इथं झरा हाय, इथं हात लावू नको. काम चांगलं व्हतं, मी आजपण बोलतो चांगलं व्हतं. त्यांचे एक सर व्हते, पुण्याकडचे, भला माणूस, पण घाईचा. त्यांना रान माहीत असलेला माणूस पायजे व्हता. सरपंचानं माझं नाव दिलं. सरांनी मला ते जीपीएसचं मशीन दिलं, पिवळं, हातात मावणारं, आन दोन दिवस शिकवलं. वर आकाशात उपग्रह हायत, मशीन त्यांच्याशी बोलतं, आन आपण कुठं उभे हाव ते सांगतं. पण चूक पण करतं. किती चूक, ते एका आकड्यात दिसतं. आकडा तीन म्हणजे तीन मीटर इकडंतिकडं. आकडा वीस म्हणजे वीस मीटरचा घोळ. सर म्हणाले बुधा एक लक्षात ठेव, आकडा पाचाच्या वर असंल तर बटण दाबू नको, थांब, आकडा खाली येऊ दे. मी म्हणालो समजलं. आन मला खरंच वाटलं की समजलं.

पहिला झरा आमचाच केला. फाल्गुनातला दिवस, सकाळचे नऊ-दहा. मी मशीन घेऊन कातळावर आलो, हाक दिली, हाय का गो कोण. खालनं चांगुणाचाच आवाज, हाव आमी चौघी हाव, बस तिथंच. आता बसलो. मशीनकडं बघतो तर आकडा तीन. मोकळं आभाळ, कातळ उघडा, आकडा एकदम छान. मला म्हणजे काय आनंद. नंतर बायका वर आल्या, मी खाली उतरलो, तर उंबराखाली आकडा चौदा, मंग सतरा, मंग अकरा, मंग एकवीस. झाडी दाट, दोन्ही बाजूला दरड, मशीनला आभाळच दिसत नवतं. दहा मिनिटं उभा राहिलो तोवर वरून दुसऱ्या बायकांची चाहूल लागली, बाप्या माणूस मशीन धरून पाण्यावर उभा, बरं दिसतं का. मी वर आलो. कातळावर आकडा परत तीन. दाबलं बटण. नाव लिवलं, वाडीचा झरा. अक्युरसी तीन मीटर. नोंद करणारा बुधा.

बघा ताई, मी फसवलं नाय. मला सांगितलेलं आकडा खाली येऊ दे, मी आकडा खाली आणला. फक्त आकडा खाली आणायला मी स्वतः वर गेलो. तो आकडा मी कुठं उभा हाय ते सांगत व्हता, पाणी कुठं हाय ते नाय. एवढी साधी गोष्ट, पण मला कळली नाय, आन आमच्यात कातळालाच झरा बोलतात त्यामुळं मनाला खटकलं पण नाय. कागदावर एक रकाना व्हता, खूण लिवा म्हणून, झाड, दगड, काय असंल ते. मी रिकामा सोडला. म्हणलं झरा कुणाला माहीत नाय, खूण कशाला.

त्या वर्सात सगळ्या डोंगराचे झरे मीच केले. प्रत्येक वाडीला असं हाक मारायचं ठिकाण असतंच, कुठं कातळ, कुठं मोठा दगड, कुठं आंब्याचं झाड, नेहमी उघड्यावर, वर, म्हणजे आवाज खाली जाईल असं. मी तिथं जायचो, हाक द्यायचो, आकडा बघायचो, दाबायचो. बाकीची पोरं, शिकलेली, कॉलेजातली, त्यांचे आकडे आठ, बारा, पंधरा. माझे सगळे दोन, तीन, चार. मुरबाडला मीटिंग झाली तेवा सरांनी सगळ्यांसमोर माझा कागद वर धरला, बोलले सातवी शिकलेला माणूस बघा, काम असं पायजे. टाळ्या वाजवल्या हो सगळ्यांनी. त्यांनी मला एक टोपी दिली. मी ती टोपी घालून घरी आलो, चांगुणा बोलली टोपीत काय पाणी आणतोस काय. मला राग आला तेवा. माणसाला मोठेपणा मिळाला की बायकोचं बोलणं टोचतं.

नंतर दोन वर्सांनी ती बंगल्यांची स्कीम आली. डोंगराच्या पलीकडच्या खांद्यावर जमीन घेतलेली, मुंबईच्या लोकांना बंगले बांधून द्यायचे, वारा खायला. त्यासाठी रस्ता पायजे, आन रस्ता डोंगर कापून आमच्या घळीच्या अंगानं जाणार. वाडी उठली, नाय बोलली. मंग सगळी बसली एकत्र, स्कीमवाले, सरकारी सायेब, संस्थेचे सर, आन आमची ग्रामसभा शाळेच्या पडवीत. सरांनी नकाशा लावला, मोठा, फ्लेक्सवर छापलेला, आन त्यावर निळे थेंब. एक थेंब म्हणजे एक झरा. ठरलं असं की प्रत्येक थेंबाभोवती तीस मीटर जागा सोडायची, तिथं खोदाई नाय, सुरुंग नाय, चार दगड रंगवून उभे करायचे. सरांनी भांडून ते लिवून घेतलं. स्कीमवाल्यांनी सही केली. आमी जिंकलो असं वाटलं, खरं सांगतो, मला वाटलं मी माझ्या वाडीचं पाणी वाचवलं.

तेवा चांगुणा उठली. बायका मागं बसलेल्या, ती पुढं आली, नकाशाला नाक लावलं आन मला विचारलं, ह्यात आपला झरा कुठला. मी थेंबावर बोट ठेवलं. ती बोलली, उंबर कुठं हाय ह्यात. मी बोललो उंबर लागत नाय ह्याला, नंबर लागतो. ती बोलली बरं, हा थेंब कातळावर हाय का खाली पाण्यावर हाय. मी हसलो. म्हणलं अगो कागदाला वर-खाली असतं काय, तुला काय कळतंय, जा बस. सगळे हसले. स्कीमवाले हसले, सर पण थोडे हसले. ती जाऊन बसली. ताई, एवढ्या शिकल्यासवरल्या माणसांत तो एक प्रश्न बरोबर व्हता, आन तो विचारणारीला मी बसवली.

बरं तिथं तरी अक्कल यावी. भातझोडणी झाली आन स्कीमच्या माणसांनी रानात चुना टाकला, रस्त्याची रेघ. चांगुणा पाण्यावरून आली आन हंडा खाली ठेवायच्या आधी बोलली, चुना उंबराच्या पार जवळनं गेलाय, आठ-दहा पावलांवर. मी बोललो कच्ची रेघ असंल ती, नकाशात लिवलंय ना तीस मीटर, ते मोडतील काय. ती बोलली, जाऊन बघ तरी. मी संध्याकाळी गेलो, कातळावर गेलो. तिथं चार दगड रंगवून उभे केलेले, मधी पत्र्याची पाटी, पाण्याचा स्रोत, संरक्षित क्षेत्र. मला वाटलं बघा, सोडलंय. खाली बायकांचा आवाज येत व्हता म्हणून उतरलो नाय. घरी येऊन तिला बोललो पाटी लावलीय, तू उगाच घाबरतेस.

मंग सुरुंग. पहिल्या दिशी दोनदा, दुसऱ्या दिशी चारदा, भांडी फळीवरून पडली, कोंबड्या दोन दिस अंडी द्यायच्या राहिल्या. झऱ्याचं पाणी पहिल्यांदा पांढरं झालं, दुधासारखं. बायका बोलल्या निवळंल. मंग बारीक झालं, कारवीच्या काडीएवढी धार. होळीला नुसती ओल राहिली. बायका हातानं चिखल उकरत बसल्या, आन उकरलं की खालनं फुटका खडक लागायचा, मधी भेग, त्या भेगेतून पाणी कुठं खाली निघून गेलं ते त्या डोंगरालाच माहीत. उंबर तर रस्त्याच्या मातीखाली अर्धा गाडला, मंग तोडला, आजूबाजूची सगळी झाडी गेली.

वाडी चिडली. कोयते घेऊन निघाली व्हती पोरं, म्हाताऱ्यांनी अडवली. बोलले बुधाला पुढं करा, त्याला कागदाचं कळतं. मी पुढं. टोपी घातलेली, नकाशा काखेत, मागं सगळी वाडी. खोदाईवरचा स्कीमचा सायेब शांत माणूस व्हता, ओरडला नाय. बोलला तुमी बोलता तीस मीटर सोडली नाय, चला मोजू. टेप मागवली. पाटीपासून टेप लावली, एक टोक माझ्याच हातात दिलं. मोजत मोजत उतरलो, तीस मीटर झाले, चौतीस झाले, तिथं त्यांची खोदाई सुरू. बोलला चार मीटर जास्तीच सोडले की. मी बोललो झरा पुढं हाय, हा नाय, तो खाली. तो बोलला आमाला काय माहीत, तुमच्याच माणसानं पॉइंट टाकलाय. मंग त्यानं फाइल उघडली, संस्थेचाच कागद, आन मला वाचायला दिला. वाडीचा झरा. अक्युरसी तीन मीटर. नोंद करणारा बुधा. मी माझं मशीन काढलं, पाटीशी गेलो, जागेचे आकडे जुळवले. शेवटच्या आकड्यापरेंत तेच. मशीननं काय चूक केली नवती. मशीन बिचारं खरं बोललं, की बुधा कातळावर उभा व्हता.

मागं वळलो तर सगळे माझ्याकडं बघतायत. काय झालं बुधा, काय लिवलंय. आन मी काय बोललो माहीत हाय, मी बोललो ह्यांनी कागदात घोळ केलाय. खोटं बोललो ताई. माझ्या आईची शपथ, तोंडातून निघून गेलं.

पुढं दोन महिने मी ते पोटात धरून हिंडलो. वाडीत म्हातारी माणसं बोलली साती आसरा कोपल्या, पाण्याच्या देवी त्या, आवाजानं पळाल्या. मंग त्या फुटक्या खडकाशी नारळ, हिरव्या बांगड्या, खण, दहीभात, सगळी वाडी जमली. मला पण बसवलं पूजेला, बोलले तू पुढं झालास आमच्यासाठी, तू नारळ फोड. मी फोडला. तीनदा आपटला तेवा फुटला. जनाआत्या, ती वाडीतली सगळ्यांत मोठी बाई, माझ्या बापाच्या लांबच्या नात्यातली, ती बोलली ताप हाय काय रे तुला. मी बोललो हाय.

पाणी आता पलीकडच्या घळीतून आणायचं, चांगुणाच्या माहेरच्या वाडीचा झरा, जाऊन येऊन दीड तास, आन तिथली उतरण म्हणजे नुसती मुरमाची. पायथ्याला टँकर येतो कधी, आठवड्यातून एकदा, कधी तेबी नाय. स्कीमचा रस्ता झालाय डांबराचा, पण त्यांच्या गेटातून टँकर सोडत नाय. तर वैशाखात एक दिशी सकाळी चांगुणा हंडा आन कळशी घेऊन चढत व्हती आन पाय सरकला. बायका बोलल्या तिनं हंडा सोडला नाय, हंडा धरूनच खाली गेली. सोडला असता तर हात टेकता आला असता. खुबा मोडला. झोळीत घालून धसईपरेंत आणली, तिथून मुरबाड, मुरबाडवरून कल्याणला पाठवली, सळई घातली आत. डॉक्टर बोलले चालंल पण डोक्यावर वजन नाय, कधीच नाय.

घरी आणली त्याच्या आठ दिसांनी मी तिला सांगितलं. ती खाटेवर, मी खाली बसलेलो. सगळं सांगितलं, कातळ, आकडा, कागद, टेप. मला वाटलं रडंल, मारंल. ती छताकडं बघत बोलली, मला ठाऊक हाय. मी बोललो कधीपासून. बोलली पाटी बघितली तेवापासून, कातळावर झरा दुसऱ्या कुणी लिवला असता, तिथं उभं राहायची सवय आमच्याच बाप्यांना. मी बोललो मंग बोलली का नाय. बोलली बोलले व्हते ना एकदा, सगळ्यांसमोर, तू बोललास जा बस. मंग बसले.

एवढं बोलून तिनं तोंड भिंतीकडं केलं. मी तसाच उठलो आन वाडीला गोळा केलं, शाळेच्या पडवीत, जिथं नकाशा लावला व्हता तिथंच. उभं राहून सांगितलं की स्कीमवाल्यांनी कागदात घोळ केला नाय, मी केला. झरा मी कातळावर लिवला. खूण लिवली नाय. आन कळल्यावर दोन महिने लपवलं, आन तुमच्यासमोर नारळ फोडला. मला वाटलं आता शिव्या पडतील. मी शिव्या खायलाच उभा व्हतो, तयारी करून. पोरं खाली बघत व्हती. एका म्हाताऱ्यानं विडी पेटवली. मंग जनाआत्या उठली, बोलली उठा गो, टँकर यायचा दिस हाय आज, नंबर लावायला पायजे. आन सगळी गेली. मी एकटा पडवीत. शिवी दिली असती तर बरं झालं असतं ताई, शिवीनं माणूस मोकळा होतो.

ते सर तोवर दुसरीकडं गेले व्हते, त्यांच्या जागी एक मॅडम आल्या. त्यांनी सगळे जुने कागद काढले आन मला बोलावलं. बोलल्या बुधाभाऊ, झरे घळीत असतात, झाडीत असतात, तिथं सगळ्यांचे आकडे खराब येतात, तुमचेच एवढे चांगले कसे. बघा, ज्या आकड्यावर टाळ्या वाजल्या त्याच आकड्यावर त्यांना संशय आला. मी बोललो मॅडम, संशय बरोबर हाय, आन सगळं सांगितलं. त्यांनी वहीत लिवून घेतलं. मंग बोलल्या की आमी तुमाला आकडा शिकवला, आकड्याचा अर्थ शिकवला नाय, ह्यात आमची पण चूक हाय. मी बोललो चूक तुमची असंल पण पाणी माझ्या वाडीचं गेलं. मंग त्या बोलल्या बाकीचे झरे अजून चुकीच्याच जागी हायत नकाशात, ते दुरुस्त करायला तुमी पायजेत, दुसऱ्याला ते हाक मारायचे दगड सापडायचे नाय.

त्यांनी परत शिकवलं, सुरवातीपासून. मशीन आधी उघड्यावर चालू करून ठेवायचं, त्याला उपग्रह पकडू द्यायचे, मंग खाली उतरायचं. छातीशी धरायचं नाय, आपलं अंगच त्याला आडवं येतं, काठीला बांधून डोक्याच्या वर धरायचं. पाण्यावर वीस मिनिटं, हलायचं नाय, मशीन सगळ्या आकड्यांचा मधला काढतं. दुसऱ्या दिशी दुसऱ्या वेळेला परत जायचं, उपग्रह जागा बदलतात. तरीबी आकडा खाली येत नसंल तर उघड्यावरचा पॉइंट घ्यायचा, पण तो झरा म्हणून लिवायचा नाय, तिथून टेप लावायची, होकायंत्रानं दिशा बघायची, आन लिवायचं की इथून एवढे मीटर, ह्या दिशेला, पाणी. आन खूण. उंबर असंल तर उंबर लिवायचा. आन बाईमाणूस बरोबर पायजे म्हणजे पायजे. आता आमच्यासंगती दोन बाया असतात, पाण्यावर त्याच उभ्या राहतात मशीन धरून, मी वर कातळावर टेपचं टोक धरून.

सगळ्या वाड्यांत परत गेलो. चांगुणाच्या माहेरी पण, तोच झरा आता दोन वाड्या पितात. प्रत्येक ठिकाणी लोक विचारतात, झालं व्हतं की हे काम, परत कशाला. मंग मला सांगावं लागतं का परत. काय जण ऐकून घेतात. एका वाडीत एक माणूस बोलला, म्हणजे तो तूच काय. मी बोललो हा, मीच. त्यानं मला बसायला घोंगडी दिली तरी, पण ती टाकली बाहेर अंगणात. त्यांच्या झऱ्याचा पॉइंट पन्नास मीटर सरकला. तो आता बरोबर हाय, एवढं मी छातीवर हात ठेवून बोलतो.

मॅडमनी आमच्या वाडीचा पण परत घ्यायला लावला. कागदात तो पण दुरुस्त पायजे, मेला तरी. एकटाच गेलो, दुपारचा. तिथं आता हाक द्यायची गरज नाय, पण तोंडातून निघालीच. खाली उतरलो, काठी वर धरली, वीस मिनिटं राहायचं म्हणून पाय रोवून उभा राहिलो. लागलीच नाय वीस मिनिटं. उंबर नाय, झाडी नाय, दरड कापलेली, डोक्यावर सगळं आभाळ उघडं. उभा राहतो न राहतो तोच आकडा दोन. इतका चांगला आकडा मला कुठल्याच झऱ्यावर कधी मिळाला नवता. पाणी ह्या रकान्यात लिवलं, कोरडा. तिथंच खाली बसलो आन रडलो, बाप मेला तेवा रडलो नवतो एवढा.

आता आमचं असं हाय. चांगुणा काठी घेऊन पडवीपरेंत येते. भाकऱ्या बसून करते. माझ्याशी बोलते, बोलत नाय असं नाय, मीठ संपलं, कोंबडी हाकल, असं बोलते. पाणी तिला आणता येत नाय, आन बायकांच्या रांगेत मला उभं राहू देत नाय कोणी. मी गेलो व्हतो हंडा घेऊन, बायकांनी हंडा काढून घेतला हातातून, बोलल्या जा तू, बाप्यांचं काम नाय हे. तेवापासून रोज एक घर पाळीनं आमच्या दारात एक हंडा ठेवतं. तीस घरं, महिन्याला एक पाळी. कुणी ठरवलं मला माहीत नाय. मी वाडीला सांगितलं त्या दिशीच्या आधीपासून ठेवत व्हते, तिचं हाड मोडलं म्हणून. मला वाटलं सांगितल्यावर बंद होईल. दुसऱ्या दिशी दार उघडलं तर हंडा व्हता.

दीड तासाची चाल हाय ती, प्रत्येक हंड्यामागं. मी मोजलीय. त्या बायांचं देव भलं करो, त्यांच्या गुडघ्यांत बळ राहो, त्यांच्या लेकीसुना सुखी राहोत, दुसरं काय बोलू. फेडता येणार नाय हे. तुमाला चहा दिला ना, तो त्याच पाण्याचा.

काल पाळी जनाआत्याची व्हती. तिचं वय झालंय, तिनं सुनेला पाठवलं तरी चाललं असतं, स्वतः आली. मी उठून हंडा उतरून घ्यायला गेलो, तिनं मला लावू दिला नाय हात, स्वतःच उतरवला, चुंबळ झटकली, श्वास घेतला. मी समोर उभा. मला वाटलं आज बोलंल, आज तरी बोलंल. ती हंड्यात वाकून बघत बोलली, गाळून घे रे बुधा, आज गढूळ हाय. आन गेली.